जुन्या वळणाची नवी खानावळ

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आलाय. कोल्हापुरात पेठांतून, उपनगरांतून नव्या खानावळी निघताहेत. बाहेर सारवलेल्या भिंतीचा देखावा, आत पितळी ताटं, पाट, चौरंग, कंदील आणि पाटीवर ‘जुन्या पद्धतीचं जेवण’. तिथं जेवायला जाणाऱ्यांचे हे प्रश्न आहेत. शेवटचं पत्र मात्र पातेल्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाचं आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाला अशी खानावळ सुरू झालीय. दारातच चूल मांडलीय. पहिल्यांदा जाताना काय मागवलं म्हणजे स्वयंपाक खरंच जुन्या पद्धतीचा आहे का ते कळेल?
– एक वाचक, मंगळवार पेठ

आळणी मागा. मटणाचं ताट सांगायच्या आधी वाढप्याला विचारा, “एक वाटी आळणी मिळंल काय?”

आळणी म्हणजे मटण शिजलेलं पाणी. नाव आळणी असलं तरी त्यात मीठ असतं. नसतं ते तिखट आणि वाटण. हळद, मीठ, आलं-लसूण लावलेलं मटण थोड्या तेलात कांद्यावर परतायचं, पातेल्यावर पाण्यानं भरलेलं ताट झाकायचं आणि ते ताटातलं पाणी गरम होईल तसं आत ओतत जायचं. गार पाणी ओतलं की मटण आखडतं. कोवळ्या पालव्याचं, म्हणजे लहान बकऱ्याचं, मटण असं शिजायला तास-सव्वा तास लागतो. या पाण्यातूनच पुढं तांबडा रस्सा होतो आणि पांढराही होतो. रश्श्यातल्या मसाल्याखाली बरंच काही झाकता येतं. आळणीत काहीच झाकता येत नाही, म्हणून परीक्षा तिचीच घ्यायची.

चांगली आळणी फिकट सोनेरी आणि पातळ असते. वर चरबीचे बारीक डोळे तरंगतात. वास मटणाचा आणि लसणाचा येतो, उग्र नसतो. जरा निवाली की ओठ एकमेकांना किंचित चिकटतात. हाडांतला चिकटपणा पाण्यात उतरल्याची ती खूण. वाटी करडी, गढूळ असेल तर फेस काढलेला नाही किंवा मटण भडक आचेवर खदखदवलंय. नुसतीच खारट लागली तर पाणी वाढवलंय. आणि “आळणी नाही, रस्साच आहे” असं उत्तर आलं तर बहुधा वाटण पाण्यात घोळून रस्सा होतोय आणि मटणाचे तुकडे वेगळे शिजवून त्यात पडताहेत.

दुसरी खूण नळीत सापडते. सुक्या मटणात नळी आली तर आतला मगज जागेवर आहे का बघा. कुकरमध्ये शिट्ट्या जास्त झाल्या की मगज बाहेर पडतो आणि नळी पोकळ येते, मांस बाहेरून चिंधड्या झाल्यासारखं सुटतं. पातेल्यात सावकाश शिजलेलं मटण बोटानं धाग्या-धाग्यानं सुटतं, पण हाड सोडून पळत नाही. कुकर वापरणं गुन्हा नाही, वेळ चुकणं हा दोष आहे.

तिसरी खूण भाकरी. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून कढत पाण्यानं पीठ भिजवतात आणि लगेच थापतात. दळून बरेच दिवस झालेल्या पिठाची इरी, म्हणजे धरून राहायची ताकद, जाते. मग भाकरी कडेला फाटते, फुगत नाही. ताटात आलेल्या भाकरीचा पापुद्रा सबंध सुटून येत असेल आणि मोडल्यावर आतून वाफ निघत असेल तर भाकरी आत्ता तव्यावरून उतरलीय आणि पीठही ताजं आहे. शाळूची भाकरी पांढरी आणि जरा गोडसर लागते. ती मिळत असेल तर चपाती घेऊ नका.

चुलीचं म्हणाल तर तिच्यावरून फार काही ठरवू नका. आत राख आहे का, पातेल्याचं बूड काळं आहे का, एवढं बघितलं की ती पेटते की नुसती मांडलीय ते कळतं. पण गॅसवर मंद आचेनं केलेली आळणी ही चुलीवर भडकवलेल्या आळणीपेक्षा कितीतरी सरस असते. जायची वेळ साडेबारा ते दीड. बुधवार, शुक्रवार आणि रविवारी मटणाला उठाव असतो, त्यामुळं पातेलं ताजं असण्याची शक्यता जास्त. रात्री जाणार असाल तर संध्याकाळी नवं पातेलं चढतं का हे सरळ विचारा. चांगला खानावळवाला या प्रश्नानं रागावत नाही.

पांढऱ्या रश्श्याची पहिली वाटी छान होती. दुसऱ्या वेळी वाढला तेव्हा वर तेलाचे थेंब आणि खाली दाणे दाणे दिसले. खराब झाला होता का?
– एक वाचक, राजारामपुरी

वास आंबूस नसेल तर खराब झालेला नव्हता, फुटलेला होता. पांढऱ्याला पांढरेपण नारळाच्या दुधानं येतं. त्या दुधात चरबी आणि पाणी एकमेकांना धरून असतात. मोठ्या आचेवर उकळी फुटली की ही धरपकड सुटते, तूप-तेल वर येतं आणि बाकीचं दाणेदार होऊन खाली बसतं. खानावळीत हे नेमकं दुसऱ्या पंगतीला होतं, कारण गर्दीत पातेलं पुन्हा पुन्हा मोठ्या जाळावर तापवलं जातं. गार दूध उकळत्या आळणीत एकदम ओतलं, आंबट दही मिसळलं, तरीही हेच होतं.

घरी करून बघायचा असेल तर एक लिटर आळणीला एका मध्यम नारळाचं दाट दूध, भिजवलेली खसखस आणि पांढरे तीळ प्रत्येकी दोन मोठे चमचे, आणि आठ-दहा काजू असं प्रमाण धरा. पांढऱ्यासाठीची आळणी हळदीशिवाय काढलेली बरी, नाहीतर रंग पिवळट येतो. खसखस, तीळ आणि काजू गंधासारखे बारीक वाटायचे आणि भाजायचे नाहीत, भाजले की रंग जातो. तुपात लवंग, दालचिनी, वेलदोडे, मिरे आणि एक-दोन सुक्या मिरच्या सबंधच टाकायच्या, त्यावर वाटण, मग आळणी. उकळी येऊ द्यायची आणि गॅस बारीक करूनच दूध घालायचं. दूध आधी वाटीभर गरम आळणीत कालवून घेतलं तर धोका आणखी कमी होतो. त्यानंतर फक्त वाफ निघेपर्यंत तापवायचं, ढवळत राहायचं.

फुटलेला रस्सा सावरता येतो. पातेलं उतरवा, दोन चमचे काजू-खसखशीचं वाटण कोमट आळणीत मिसळा आणि थोडं थोडं घालत एकाच दिशेनं हलवा. पूर्वीसारखा मऊ होणार नाही, पण वाढण्याजोगा होतो.

उलट, कितीही तापवला तरी जो पांढरा फुटतच नाही त्याच्याबद्दल जास्त शंका घ्यावी. मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लावून दाट केलेल्या रश्श्यावर निवताना साय धरल्यासारखा चिकट पडदा येतो आणि जिभेवर खळ लागल्यासारखं वाटतं. पांढरा प्यायचा असतो. चमच्याला लपेटून बसेल इतका तो दाट असूच नये.

नव्या खानावळीत सोलकढी पितळी वाटीत दिली. पाच-दहा मिनिटांत चव कडवट झाली आणि घरी आल्यावर मळमळलं. पितळ आरोग्याला चांगलं म्हणतात ना?
– एक वाचक, नागाळा पार्क

सोलकढी कळकली. हा शब्द घरातल्या वडीलधाऱ्यांना लगेच कळेल. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट पदार्थ त्याला थेट लागला की दोन्ही धातू त्यात उतरतात, हिरवट झाक येते, तोंडात नाणं धरल्यासारखी चव येते आणि पोट ढवळतं. सोलकढी, ताक, दही-कांदा, लिंबू, लोणचं, टोमॅटोचं सार, चिंचेची आमटी, यातलं काहीही उघड्या पितळेत ठेवायचं नाही. तांब्याच्या पेल्यात पाणी चालतं, ताक चालत नाही.

आपल्या आज्यांच्या घरी पितळेत जेवण व्हायचं ते कलईच्या जोरावर. भांडं तापवून त्यावर नवसागर टाकायचा, कथलाची कांडी फिरवायची आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्यानं आतून सगळीकडे पसरवायचं. त्यानं पितळ आणि अन्न यांच्यामध्ये पांढराशुभ्र पडदा येतो. आज जुन्या पद्धतीच्या नावाखाली पितळ परत आलं आणि कलई मागंच राहिली, हे आम्हाला फार खटकतं.

तपासायला सोपं आहे. वाटी उजेडाकडे धरून आत बघा. आतून चांदीसारखी पांढरी असेल तर कलई आहे. तळाला किंवा कडेला पिवळे ओरखडे दिसले तर तिथं कलई उडालीय. सगळीच पिवळी झगझगीत असेल तर कलई केलेलीच नाही. काही ठिकाणी बाहेरून पितळेचा पत्रा आणि आतून स्टील अशी भांडी असतात, ती निर्धोक. शंका आली तर सोलकढी आणि दही-कांदा स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात मागा आणि लिंबू ताटात न पिळता थेट सुक्यावर नाहीतर भातावर पिळा. ताटात केळीचं पान घालून मिळालं तर प्रश्नच मिटला.

खानावळवाल्यांसाठी दोन शब्द. रोज वापरात असलेल्या भांड्याला वर्षातून दोन-तीनदा तरी कलई हवी. तारेच्या चोथ्यानं घासू नका, मऊ काथ्या वापरा. आणि कलईचं भांडं रिकामं जाळावर ठेवू नका. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, रिकाम्या भांड्याचं बूड तेवढं तापायला फार वेळ लागत नाही.

तांबड्या रश्श्याचा लालभडक रंग बघून मनात येतं, यात रंग तर घालत नसतील? कसं ओळखायचं?
– एक वाचक, शाहूपुरी

लाल रंग चटणीतून येतो. कोल्हापुरात चटणी म्हटलं की कांदा-लसूण चटणी. उन्हाळ्यात वर्षाची करून डंकावर कुटून आणायची. त्यात ब्याडगी मिरची रंगासाठी आणि संकेश्वरी किंवा लवंगी तिखटासाठी. ब्याडगी सुरकुतलेली, गडद लाल आणि बेताची तिखट असते. तिचं प्रमाण जास्त असेल तर रस्सा दिसतो त्या मानानं तिखट लागत नाही, आणि तसाच तो असायला हवा. कोल्हापुरी म्हणजे डोळ्यांत पाणी, ही समजूत बाहेरची आहे. चांगल्या तांबड्यात आधी भाजलेल्या खोबऱ्याची, तिळाची आणि लसणाची चव येते, तिखट मागून येतं.

मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. त्यामुळं खऱ्या चटणीच्या रश्श्यात रंग वरच्या तवंगात एकवटलेला असतो आणि खालचं पाणी विटकरी, तपकिरी दिसतं. पांढऱ्या कागदी रुमालावर एक थेंब टाका आणि दोन मिनिटं थांबा. नारिंगी-लाल डाग तेलाबरोबर पसरेल आणि त्याच्या बाहेर पाण्याची जी ओल जाईल ती जवळजवळ बिनरंगाची किंवा हळदीनं पिवळसर असेल. ओलीबरोबर गुलाबी-लाल वलय पुढं सरकत गेलं तर पाण्यात विरघळणारा रंग घातलाय. अशा रश्श्यात तो घालायला परवानगी नाही. या परीक्षेची मर्यादाही लक्षात ठेवा. तेलात विरघळणारे, बंदी असलेले काही रंग भेसळीच्या तिखटात असतात, ते रुमालावर पकडता येत नाहीत, त्याला प्रयोगशाळाच लागते.

जेवून हात धुताना बोटांवरचा पिवळा डाग साबण लागताच लालसर झाला म्हणून घाबरू नका. ती हळद आहे. साबणानं तिचा रंग तसाच बदलतो.

सहा वर्षांची मुलगी आणि ऐंशीच्या घरातल्या सासूबाई दोघींना घेऊन जायचंय. दोघींना तिखट सोसत नाही.
– एक वाचक, कसबा बावडा

आळणी-भात. कोल्हापुरात लहान मुलांचं मटण याच वाटेनं सुरू होतं. गरम भात, त्यावर दोन पळ्या आळणी, मटणाचे दोन मऊ तुकडे आणि वरून थोडं तूप. आजरा घनसाळचा भात मिळत असेल तर तोच सांगा, त्याला सुवास आहे आणि तो मऊही होतो. सासूबाईंसाठी बिनहाडाचे तुकडे वेगळे काढून द्यायला सांगा. चाप नको, तिच्या कडेला बारीक हाडं येतात. दोघींची आळणी चटणी पडायच्या आधीच काढून ठेवावी लागते, म्हणून निघताना फोन करून कळवा. सासूबाईंना रक्तदाबामुळं मीठ कमी चालत असेल तर तेही त्याच फोनवर सांगा.

तिखट लागलंच तर पाणी देऊ नका. मिरचीचा झणका पाण्यात विरघळत नाही, तोंडभर पसरतो. दही, दूध किंवा तुपाचा भात द्या.

घरात चौघं मटण खाणारे, मी एकटी शाकाहारी. अशा खानावळीत मला ‘व्हेज कोल्हापुरी’ सुचवतात. जुन्या पद्धतीचं शाकाहारी काय असतं? आणि खात्री कशी करायची?
– एक वाचक, सानेगुरुजी वसाहत

जे कोल्हापूरच्या घरांत कधी शिजलं नाही ते जुन्या पद्धतीचं कसं असेल? सरळ घरचं मागा. अख्खा मसूर, शेंगदाण्याच्या कुटातलं भरलं वांगं, झुणका किंवा पातळ पिठलं, हिरव्या मिरचीचा खरडा, दही, भाकरी आणि कच्चा कांदा. अख्खा मसूर हा या भागाचा खास पदार्थ. त्याचा दाणा सबंध राहून आतून मेणासारखा मऊ झाला पाहिजे. खरडा तव्यावरच वरवंट्यानं किंवा तांब्याच्या बुडानं रगडलेला असावा, मिक्सरमधून काढला की त्याचा लगदा होतो.

खात्रीसाठी तीन गोष्टी विचारा. शाकाहारी रश्श्याला आळणी लागते का? वाटण एकच असलं तरी पळी आणि पातेलं वेगळं आहे का? आणि भाकरीचा तवा वेगळा आहे का, की त्यावरच अंडं, खिमा परतला जातो? तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. कांदा-लसूणही चालत नसेल तर मात्र आयत्या वेळी काही होत नाही. चटणीतच दोन्ही असतात, वाटणातही असतात. त्या दिवशी पिठलं, वांगं वेगळं करून देता येईल का हे आदल्या दिवशी विचारा. जमत नसेल तर तसं स्पष्ट सांगणारी खानावळ विश्वासाची समजा.

पाटावर बसूनच जेवायचं असा त्यांचा आग्रह. वडिलांना गुडघ्यामुळं जमत नाही. खुर्ची मागणं वावगं दिसेल का?
– एक वाचक, उत्तरेश्वर पेठ

अजिबात नाही. खुर्ची मागा, आणि ती भिंतीशी कोपऱ्यात न देता पंगतीच्या टोकाला मांडायला सांगा. वडील वेगळे पडायला नकोत. समोरचं टेबल त्यांच्या कोपरांच्या उंचीला आलं पाहिजे, चौरंग पुरत नाही, वाकून जेवल्यानं रस्सा सांडतो आणि पाठही भरते.

पंगतीचं मोल सर्वांनी एका ओळीत बसण्यात आहे. जुन्या काळात ही ओळ सगळ्यांना खुली नव्हती, हेही या गावानं विसरू नये. गंगाराम कांबळे यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं, अस्पृश्याचं म्हणून तिकडं कुणी फिरकेना, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी स्वतः तिथला चहा सर्वांसमोर घेतला. पाट आणि चौरंग मांडणाऱ्यांनी जुन्यातलं काय आणायचं, हे त्या चहाकडे बघून ठरवावं.

‘रस्सा अनलिमिटेड’ लिहिलं होतं, पण तिसऱ्या वाटीपासून पैसे लावले. शिवाय बिलात जीएसटी आणि सेवा शुल्क. यातलं काय द्यावं लागतं?
– एक वाचक, ताराबाई पार्क

पाटीवर अट लिहिलेली नसेल तर वाटीचे पैसे देऊ नका. जिथं ‘तांबडा-पांढरा ताटाबरोबर’ एवढंच लिहिलंय तिथं आधी विचारून घ्या. तांबडा-पांढरा पुन्हा वाढणं ही कोल्हापूरची रीत आहे, पण सुकं, खिमा आणि अंडं यांना ती लागू नाही.

अशा खानावळीच्या बिलावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच. तो लावायचा तर बिलावर पंधरा अक्षरा-अंकांचा नोंदणी क्रमांक हवा. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो. क्रमांकच नसेल, किंवा बिलावर कंपोझिशन योजनेचा (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या कर योजनेचा) उल्लेख असेल, तर गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही. सेवा शुल्क सक्तीचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या सूचना तसं सांगतात आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या. काढायला सांगा, ऐकलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी क्रमांकही बिलावर असला पाहिजे. वाढप्याला खुशीनं काही द्यायचं असेल तर त्याच्या हातात द्या.

पार्सल घरी आणेपर्यंत भाकरी लिबलिबीत होते आणि पांढरा बिघडतो.
– एक वाचक, उद्यमनगर

भाकरी प्लॅस्टिकमध्ये बांधू देऊ नका. तिची वाफ तिच्यावरच बसते. घरून स्वच्छ सुती फडकं न्या आणि भाकरी मिनिटभर उघड्या ठेवून मग गुंडाळा. वर्तमानपत्रात तर मुळीच नको, शाईतली रसायनं अन्नात उतरतात आणि खाद्यपदार्थांना ते वापरायला मनाईही आहे. रश्श्याला कडीची स्टीलची किटली उत्तम. कढत, तेलकट रस्सा पातळ पिशवीत घेऊ नये.

घरी येऊन दोन तासांत जेवणार नसाल तर सगळं फ्रीजमध्ये ठेवा. तांबडा परत खळखळून उकळा, तो सोसतो. पांढरा थेट जाळावर नको. मोठ्या भांड्यात उकळतं पाणी घेऊन त्यात पांढऱ्याचं भांडं ठेवा आणि ढवळत चांगली कढत वाफ येईपर्यंत तापवा. एकदा तापवलेला पुन्हा ठेवू नका, नारळाचं दूध लवकर आंबतं.

मी सहा महिन्यांपूर्वी खानावळ सुरू केली. रविवारी पहिल्या पंगतीला रस्सा चांगला असतो, दोननंतर येणारे पाणचट म्हणतात. मटण वाढवलं तर परवडत नाही. काय चुकतंय?
– एक खानावळचालक, पाचगाव रोड

मटणाचा हिशेब बरोबर असेल, पाण्याचा चुकतोय. एक किलो मटणात साधारण सात ताटं निघतात. त्याला तीन लिटर पाणी घातलं तर शिजून अडीच लिटर आळणी हाती येते. नारळाचं दूध आणि वाटणं धरून दोन्ही रस्से मिळून सव्वातीन लिटरच्या आसपास होतात. एक माणूस दोन्ही मिळून १२० मिलीच्या चार वाट्या घेतो असं धरा. सात माणसांना जवळजवळ ३.४ लिटर लागले. म्हणजे हिशेब काठावरच आहे. कुणी पाचवी-सहावी वाटी मागितली की मागं कुणीतरी पातेल्यात तांब्याभर पाणी ओततंच. तुमच्या दोननंतरच्या गिऱ्हाइकाच्या वाटीत तेच पाणी येतं.

उपाय हाडांचा. खाटकाकडून नळ्या, मान आणि पाय वेगळे घ्या, मटणाच्या मानानं स्वस्त पडतात. एक किलो हाडांना चार लिटर पाणी, कांदा, आलं, लसूण, थोडं मीठ. पहिल्या उकळीला येणारा करडा फेस काढून टाका आणि मंद आचेवर चार तास ठेवा. तीन लिटर पाणी उरेल. रश्श्याला वाढ हवी तेव्हा साध्या पाण्याऐवजी हे घाला. दहा किलो मटणाला दोन किलो हाडं धरली तरी सहा लिटर, म्हणजे पन्नास वाट्या हातात राहतात. हाडं पहाटे चढवा, पहिल्या पंगतीच्या आधी तयार होतील.

तांबड्याला नुसतं पाणी वाढवून वरून चटणी टाकत असाल तर तेही थांबवा. कच्ची चटणी वर तरंगते, घशाला लागते आणि रस्सा तिखट असूनही फिका वाटतो. मटणाच्या किलोला तीन-चार मोठे चमचे चटणी हे प्रमाण धरून वाटण आणि चटणी तेल सुटेपर्यंत वेगळी परतून ठेवा. जेवढी आळणी वाढेल त्या मापानं हे परतलेलं वाटण घाला आणि दहा मिनिटं उकळू द्या.

पांढरा एकदम सगळा करू नका. आळणी पातेल्यात कढत ठेवा आणि तीन-तीन लिटरला दूध घालून ताजा करत जा. झालेला पांढरा गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा, ६० अंशांच्या खाली येऊ देऊ नका, उकळूही देऊ नका. रात्री उरलेला रस्सा सकाळच्या पातेल्यात मिसळायचा मोह होईल. एवढं एक करू नका, त्यानं अख्खं पातेलं नासू शकतं. आणि ज्या रविवारी आळणी संपेल त्या रविवारी दाराला ‘मटण संपले’ ची पाटी अडीचलाच लावा.